ब्रेक स्वस्त नको, हिशेब उघडा हवा

नीरा ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरलं की पहिलं मोठं गाव लागतं ते शिरवळ. एका अंगाला भोरचा रस्ता, दुसऱ्या अंगाला लोणंदचा, पुढे खंडाळा आणि खंबाटकीचा घाट, आणि भोवताली वाढत गेलेली एमआयडीसी. या गावाचं निम्मं जगणं चाकांवर आहे. पहाटे पहिल्या शिफ्टचे कामगार आणणाऱ्या गाड्या, मग शाळेच्या व्हॅन, मग भाजी, दूध आणि किराणा वाहणारे छोटे टेम्पो, आणि पौषात मांढरदेवीला काळूबाईच्या दर्शनाला निघालेली भाड्याची वाहनं. ईको, मॅजिक, टाटा एस, ट्रॅव्हलर ही नावं इथे पोरासोरांच्याही तोंडी असतात.

या गाड्यांच्या ब्रेकवर होणाऱ्या खर्चाबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. पहिली, सर्व्हिस सेंटरवाले लुटतात. दुसरी, बाहेरचा माल टिकत नाही. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण नेमकं काय विकत घेतलं, हे गिऱ्हाइकाला कळूच दिलं जात नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. ज्याला खोकं दिसत नाही, पार्ट नंबर माहीत नाही आणि बिल मिळत नाही, तो महागही घेतो आणि निकृष्टही घेतो. कधी कधी एकाच पार्टात दोन्ही. म्हणून इथे मांडणी आहे ती स्वस्त पार्ट कुठे मिळतो याची नव्हे, तर हा व्यवहार उघड्यावर कसा आणायचा याची.

१. ब्रेकचा खर्च मालकाचा, पण जोखीम सगळ्यांची

गाडीचं सीट कव्हर, टेप, काचेवरची अक्षरं ही मालकाची हौस. ब्रेकचं तसं नाही. व्हॅनमध्ये बसलेल्या कामगाराने ती निवडलेली नसते, ठेकेदाराने पाठवलेली असते. शाळेच्या मुलाला तर निवडीचा प्रश्नच नाही. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नसतो, पण परिणाम त्यालाही भोगावा लागतो.

त्यात आपला रस्ता उतारांचा आहे. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण कुप्रसिद्ध आहे. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातून मजूर घेऊन येणाऱ्या ट्रकला तिथे अपघात झाला आणि १८ जण दगावले. तो अपघात ब्रेकमुळेच झाला, असं इथे म्हणायचं नाही; उतार आणि वळण एकत्र आलं की चुकीला जागा किती कमी उरते, एवढंच त्यातून घ्यायचं. पुण्याकडे पुढे गेलं की कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना तडाखा दिला. आधी सगळीकडे ‘ब्रेक फेल’ असंच बोललं गेलं. तपासात मात्र डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचं पुढे आलं. म्हणजे ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांआड पुष्कळ गोष्टी लपतात: कधी पार्ट, कधी देखभाल, कधी चालकाची सवय.

उतार ब्रेकवर किती भार टाकतो, हे साध्या गणिताने कळतं. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला येताना उंची साधारण ६०० मीटरने कमी होते. हा सगळा उतार निव्वळ ब्रेकवर गाडी धरून उतरला, तर ब्रेकमध्ये जिरणारी उष्णता ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सुमारे चाळीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. गाडी लहान असो की मोठी, हे प्रमाण तेच राहतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणं हा पार्ट वाचवण्याचा पहिला आणि फुकटचा उपाय आहे. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल करून उतरणाऱ्याचे पॅड जळतातच. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं कडक होतं.

२. आधी निदान, मग खरेदी

जादा पैसे जातात ते बहुतेकदा दुकानात नव्हे, त्याआधीच. ‘ब्रेक नीट लागत नाही’ एवढंच सांगून गाडी सोडली की ‘सगळा सेटच बदलून टाका’ हे उत्तर ठरलेलं. पण ब्रेकचं प्रत्येक दुखणं वेगळं असतं आणि ते स्वतःच बोलून दाखवतं.

ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पॅडवरची इशाऱ्याची पत्री डिस्कला घासू लागली आहे. पॅड बदला, काम झालं. हाच आवाज घरघरीवर गेला असेल, तर लोखंड लोखंडावर आलं आहे आणि आता डिस्कही तपासावी लागेल. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांवर. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. ती काढायला मजुरी आणि थोडं ब्रेक ऑईल लागतं, नवा पार्ट लागत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा किंवा समोरच्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो. त्याची पिन साफ करून ग्रीस लावल्यावर जी गाडी सरळ होते, तिला नवे पॅड घालून काही साधत नाही.

मागचा ड्रम उघडताना मालकाने शेजारी उभं राहावं. हातोडीच्या चार ठोक्यांनी ड्रम सुटतो आणि आतली काळी पूड खाली सांडते. दोन अर्धगोल शू दिसतात. त्यांच्यावरची लायनिंग वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला सारखी झिजली आहे का ते पाहा. मधोमध, वरच्या बाजूला बोटभर लांबीचा व्हील सिलिंडर असतो. त्याच्या टोकाचं रबरी टोपण नखाने जरा उचललं आणि आत ओल दिसली, तर तिथून ब्रेक ऑईल झिरपतं आहे. अशा वेळी नुसते नवे शू घालणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं; आधी सिलिंडर किंवा त्याचं किट, मगच शू. उलट सिलिंडर कोरडा असेल आणि शूवर पुरेशी लायनिंग असेल, तर साफसफाई आणि ॲडजस्टमेंट करून ड्रम परत चढवा. हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि बिलातले दोन आकडे कमी होतात.

एक इशारा इथेच द्यायला हवा. ती काळी पूड तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या पाइपने उडवू नये. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, आणि बिननावाच्या लायनिंगमध्ये काय भरलं आहे हे कोणी सांगू शकत नाही. ओल्या फडक्याने पुसावं. ज्या मिस्त्रीची फुप्फुसं रोज त्या धुळीत असतात, त्याच्यासाठी ही बाब पैशाहून मोठी आहे.

३. बाजारात माल चार प्रकारचा आहे, दोन नव्हे

‘ओरिजिनल की डुप्लिकेट?’ हा प्रश्नच अपुरा आहे. पहिला प्रकार गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. दुसरा, गाडीच्या कंपनीला ब्रेकचे भाग पुरवणारे उत्पादक स्वतःच्या नावाने विकतात तो. तिसरा, गाडीच्या कंपनीशी पुरवठ्याचा संबंध नसलेल्या, पण नाव, पत्ता आणि दर्जा जाहीर करून विकणाऱ्या उत्पादकांचा. चौथा, दुसऱ्याचं नाव चोरलेला किंवा नावच नसलेला.

गाड्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या ब्रेक स्वतः तयार करत नाहीत. ब्रेक्स इंडिया, राणे, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज, बॉश अशी नावं स्पेअर पार्टच्या कोणत्याही बऱ्या दुकानात फळीवर दिसतात, आणि यांतले बरेच जण गाड्यांच्या कारखान्यांनाही माल देतात. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला फरक पुष्कळदा खोक्याचा आणि त्यावरच्या किमतीचा असतो. गिऱ्हाइकाची खरी बचत आहे ती पहिल्यावरून दुसऱ्यावर येण्यात. दुसऱ्यावरून घसरून चौथ्यावर जाण्यात ती नाही. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. ‘बाहेरचा’ म्हटलं की दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिन्ही प्रकार एकाच पोत्यात जातात. मग चौथा माल दुसऱ्याच्या भावात विकणं अवघड राहत नाही.

४. बाहेरचा चांगला पार्ट घेणं हा हक्क आहे, आगाऊपणा नव्हे

ही गोष्ट कायद्यानेही तपासली गेली आहे. शमशेर कटारिया यांच्या मोटार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणं आणि स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती व उपकरणं न देणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असं ठरवून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या व्हॅन बनवणाऱ्या कंपन्याही त्यांत होत्या. कंपन्या पुढे अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद लांबला. पण आयोगाने धरलेलं तत्त्व गिऱ्हाइकाने लक्षात ठेवण्याजोगं आहे: भाग पुरवणाऱ्या उत्पादकाला तो खुल्या बाजारात विकता आला पाहिजे आणि स्वतंत्र मिस्त्रीला दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे.

त्याच दिशेने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचा समावेश आहे. तेव्हा ‘बाहेरचा पॅड घातला म्हणजे गाडी बिघडलीच’ असं कोणी काउंटरवरून सुनावलं, तर घाबरून होकार देऊ नये. काय बिघडतं आणि कशामुळे, ते लेखी मागावं.

५. गाडीचं नाव सांगू नका, पार्ट नंबर सांगा

‘ईकोचे पॅड द्या’ असं सांगितलं की दुकानदार हाताला लागेल ते देतो. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक फरक पडलेला असतो. प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचं झाल्यानंतर, म्हणजे २०१९ च्या सुमारास, बऱ्याच मॉडेलांचे ब्रेक बदलले. प्रवासी आणि मालवाहू प्रकारात, पेट्रोल आणि सीएनजीत वजन वेगळं असतं. म्हणून आरसीवरचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दाखवून पार्ट नंबर काढून घ्यावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर तो मिळतो. जुन्या पॅडच्या लोखंडी पाठीवरही बऱ्याचदा कोरलेला असतो. एकदा मिळाला की मोबाइलमध्ये आरसीच्या फोटोशेजारी ठेवावा.

पार्ट नंबर हातात असला की भाव विचारणं सोपं होतं. शिरवळमध्ये विचारा, साताऱ्यात फोन करा, पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. सगळीकडे एकाच वस्तूचा भाव कळतो. नंबर नसेल तर तीन दुकानांतले तीन भाव हे तीन वेगळ्या वस्तूंचे असतात आणि तुलना फुकट जाते.

६. लायनिंगच्या कडेवरची दोन अक्षरं वाचा

बऱ्या पॅडच्या किंवा लायनिंगच्या कडेवर आकडे-अक्षरांची एक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं: ई ई, एफ एफ, जी जी, किंवा एफ ई. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ ई’ लिहिलेला पॅड गार असताना चांगला धरतो आणि तापला की ढिला पडतो. सपाटीवर चालेलही कदाचित, पण पसरणी आणि खंबाटकीच्या मुलखात पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर महत्त्वाचं.

ही अक्षरं पकड सांगतात. पॅड किती टिकेल हे सांगत नाहीत. आणि अक्षर जितकं वरचं तितका ब्रेक भारी, असंही नाही. मूळ पॅडवर जे होतं त्याच्या जवळचं घ्यावं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांतला ब्रेकचा तोल त्यावरच बेतलेला असतो. युरोपातल्या नियमाने बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणून खोक्यावर त्या नियमाचा, म्हणजे ‘आर ९०’चा उल्लेख दिसला तर ती जमेची बाजू. कडेवर काहीच छापलेलं नसेल, तर तो पॅड परत करावा. ज्याने बनवलं त्याला स्वतःचं नाव घालायची लाज वाटते, त्यावर आपण कशाला भरवसा ठेवायचा?

७. भाव खोक्यावर नव्हे, किलोमीटरवर काढा

समजा, एक पॅडचा संच १,८०० रुपयांचा आहे आणि ४० हजार किलोमीटर चालतो. दुसरा ७०० रुपयांचा आहे आणि १२ हजार चालतो. बसवायची मजुरी दोन्ही वेळी ४०० रुपये. पहिल्याचा हजार किलोमीटरला खर्च ५५ रुपये पडतो, दुसऱ्याचा सुमारे ९२. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या गाडीचे आकडे वहीत लिहून हेच गणित करावं. त्यात डिस्कवर पडणाऱ्या चरांचा खर्च आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेली खेप अजून धरलेलीच नाही.

हा हिशेब उलट्या बाजूनेही लागू होतो. महाग खोक्यातला पॅड तेवढंच चालत असेल, तर वरचे पैसे फुकट गेले. म्हणून पॅड बदलताना किलोमीटरचा आकडा बिलाच्या पाठीवर लिहायची सवय लावावी. दोन-तीन बदलांनंतर आपल्या रस्त्यावर, आपल्या ओझ्याला, आपल्या चालकाच्या हाताला कोणता माल परवडतो, हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती वही नेमकं सांगते.

८. कुठे वाचवायचं आणि कुठे हात आखडायचा नाही

पॅड आणि शू दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातले घेऊन खुशाल वाचवावं. ड्रमला किंवा डिस्कला हलके चर असतील, तर लेथवर घासून घेता येतात. मात्र ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती ओलांडली जात असेल तर घासू नये. नेहमी एका आसाची दोन्ही चाकं जोडीने करावीत. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं घालून वाचवलेले पैसे गाडी एका बाजूला खेचून वसूल करते.

हायड्रॉलिकच्या भागात मात्र काटकसर नको. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, त्यांची रबर किट आणि ब्रेकचे होज भंगारातून किंवा उघड्या पुड्यातून घेऊ नयेत. रबराचं वय बाहेरून दिसत नाही.

ब्रेक ऑईल ही तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ते हवेतला दमटपणा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावरची किमान हमी १४० अंशांची. डॉट ४ चं हेच २३० आणि १५५. घाटात ऑईल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, आणि पेडल जमिनीला टेकलं तरी गाडी थांबत नाही. पॅड कितीही भारी घातले असले तरी. झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिला असेल त्याच क्रमांकाचं ऑईल, सीलबंद बाटलीतून, साधारण दोन वर्षांनी नव्याने भरावं. गॅरेजच्या कोपऱ्यात महिनाभर उघडी राहिलेली बाटली स्वस्त असली तरी नको. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल चुकूनही जाऊ देऊ नये. त्याने सगळी रबरं फुगतात आणि खरोखरच ‘पूर्ण सेट’ बदलावा लागतो.

९. खोकं, छापील किंमत, पक्कं बिल

पार्ट आपल्यासमोर खोक्यातून काढायला सांगावं. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा संपर्क असायला हवा. वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांची ती अटच आहे. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडच्या पाठीवरचा नंबर जुळतो का ते पाहावं. छपाई फिकट, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, क्यूआर कोड स्कॅन होत नाही, अशी चिन्हं दिसली तर माल घेऊ नये. काम झाल्यावर लेबल कापून बिलाला टाचावं आणि उरलेलं खोकं फाडून टाकावं. चांगल्या कंपनीचं धड रिकामं खोकं हा नकली मालाचा कच्चा माल आहे.

पक्क्या बिलाला ‘जीएसटी वाढेल’ म्हणून नकार देणारं गिऱ्हाईक स्वतःचाच पुरावा फाडत असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ब्रेकच्या भागांवर तो आधी २८ टक्के होता. जुन्या साठ्यातल्या खोक्यावरची किंमत आधीच्या कराने छापलेली असू शकते, हे विचारून घ्यावं. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ याहून कडक आहे. सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमात बसत नसताना विकला, तर एका भागामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम पुस्तकात आहे. बिलाशिवाय ते कोणावर लावणार?

१०. मिस्त्रीला मजुरी द्या, म्हणजे त्याला कमिशन लागणार नाही

गॅरेजवाल्याने पार्टात कमिशन खाल्लं म्हणून ओरडणारे आपणच त्याची मजुरी पाडतो. त्याने चारशे सांगितले की आपण अडीचशेवर आणतो, आणि त्याच्याच चिठ्ठीवरचा पार्टचा अठराशेचा आकडा न विचारता देतो. अशा गिऱ्हाइकाबरोबर त्याने कमवायचं कुठे? पार्टातच. मग ज्या मालात जास्त सुटतं तो माल गाडीत जातो, आणि असा माल क्वचितच चांगला असतो.

याला उतारा सरळ आहे. मजुरी आणि पार्ट यांची बिलं वेगळी करावीत. पार्ट गिऱ्हाइकाने आणला तरी मिस्त्रीची मजुरी पूर्ण मिळावी, बसवण्याची जबाबदारी त्याची आणि मालाची जबाबदारी दुकानदाराची, हे आधी ठरावं. जुना पार्ट परत मागावा. नेहमीचा चांगला मिस्त्री तो न मागताच समोर ठेवतो. हाताला नीट दाम मिळाला की ‘हे शू अजून सहा महिने चालतील’ असं सांगायला त्याला परवडतं. आज त्याला ते परवडत नाही.

११. ‘परवडत नाही’ या म्हणण्यात तथ्य आहे

या सगळ्यावर व्हॅनवाल्याचं उत्तर ठरलेलं आहे: खेपेला जो दर मिळतो त्यात हे बसत नाही. हे उडवून लावण्यासारखं नाही. गाडीचा हप्ता, विमा, टोल आणि डिझेल गेल्यावर उरतं त्यातच देखभाल आली. कंपनी सगळ्यात कमी दराचा ठेकेदार निवडते, ठेकेदार तो दर आणखी कापून गाडीवाल्याला देतो, आणि कपात शेवटी जिथे कोणाला दिसत नाही तिथे होते. ती जागा चाकाच्या आत आहे. पालकही शाळेच्या व्हॅनचा दर घासाघीस करून ठरवतात, पण ब्रेक केव्हा केले हे विचारत नाहीत.

आरटीओची तपासणी आहेच, असं म्हणून सुटता येत नाही. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. दिवसाला १०० किलोमीटर धावणारी व्हॅन वर्षाला ३० हजारांवर जाते. म्हणजे दोन तपासण्यांच्या मध्ये पॅडचा एक अख्खा संच येऊन झिजून जाऊ शकतो.

म्हणून व्हॅनवाल्याला उपदेश करून भागणार नाही, त्याच्या दरात देखभालीची जागा करावी लागेल.

१२. काय व्हायला हवं

एक, एमआयडीसीतल्या कंपन्यांनी वाहतुकीच्या ठेक्यात देखभालीचा प्रति किलोमीटर दर वेगळा दाखवावा आणि तो गाडीवाल्यापर्यंत पोचल्याची पावती मागावी. आपल्या यंत्रांच्या सुट्या भागांची नोंद ठेवणाऱ्या कारखान्यांना आपल्या कामगारांच्या गाडीच्या ब्रेकची नोंद ठेवणं जड नाही.

दोन, शाळांच्या परिवहन समित्यांनी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक व्हॅनच्या ब्रेकचं बिल पाहावं. त्यावर पार्ट नंबर, तारीख, किलोमीटर एवढंच हवं. ते पालकांच्या सभेत मांडावं, आणि त्याच सभेत व्हॅनचा दरही त्या हिशेबाने ठरवावा.

तीन, शिरवळ-खंडाळ्याच्या वाहनमालकांनी एकत्र येऊन नेहमीच्या चार-पाच मॉडेलांचे पॅड, शू आणि ब्रेक ऑईल थेट वितरकाकडून घाऊक घ्यावं. एका गाडीमागे न मिळणारी सूट पन्नास गाड्यांमागे मिळते. त्याच मॉडेलांचे पार्ट नंबर आणि छापील किमती लिहिलेला एक कागद गॅरेजांच्या भिंतीवर लावावा आणि दर तीन महिन्यांनी नवा करावा. असा कागद लावायला प्रामाणिक दुकानदार नाही म्हणणार नाही. त्याचा धंदा त्याने वाढेलच.

चार, आरटीओने आणि वैधमापन खात्याने वर्षातून एकदा तरी गाड्यांऐवजी दुकानांतला ब्रेकचा माल तपासावा. रस्त्यावर व्हॅन अडवून चालकाला दंड करणं सोपं आहे. नकली पॅड ज्या फळीवरून आला ती फळी तपासायला जास्त कष्ट पडतात, पण एका फळीवरून शेकडो गाड्यांना माल जातो.

आणि हे चारही होईपर्यंत थांबायची गरज नाही. या आठवड्यात गाडी गॅरेजला जाणार असेल, तर आरसीवरून पार्ट नंबर काढा, खोकं समोर उघडायला लावा, मजुरी न पाडता द्या आणि पक्कं बिल घ्या. पैसे बहुधा वाचतीलच. नाही वाचले, तरी ते कशात गेले हे तुम्हाला आणि तुमच्या गाडीत बसणाऱ्यांना सांगता येईल.